एक्केचाळिसावं घर

३ एप्रिल, सकाळी
नातीने, अंजूने, फोनवरचं माईकचं चित्र दाखवलं. ते दाबून बोललं की आपोआप लिहिलं जातं, तारीखसुद्धा फोनच टाकतो. मला अक्षर येत नाही म्हणून आजवर किती शहाणपण वाया गेलं! आता रोज बोलायचं. वाचणार कोणी नाही. मलाच वाचता येत नाही.

नातीचं शिक्षण: एम.एस्सी., डेटा सायन्स अँड पब्लिक पॉलिसी, नांदेडला. विचारलं, यात करतात काय ग? म्हणाली, घरोघर जाऊन माहिती काढायची, आणि त्यावरून सरकारने काय करावं ते सांगायचं. हे तर मी पन्नास वर्षं फुकट करून राहिले.

५ एप्रिल
तिचा प्रोजेक्ट आपल्याच गावात. विषय: घरात सुनांचं किती चालतं. चिठ्ठ्या टाकून एक्केचाळीस घरं काढली, त्यात आपलंही निघालं. पंधरा मेच्या आत रिपोर्ट दिला नाही तर पोरीचं वर्ष जाणार. तोंड एवढंसं झालंय तिचं. म्हणलं, मी हाय ना.
ठरवलं: प्रत्येक घरी सोबत जायचं, तोंड उघडायचं नाही.

६ एप्रिल
पाच घरं. तोंड उघडलं नाही. फक्त शेजारच्या बसम्माच्या सुनेला बोलता येईना, म्हणून तिच्या वतीने सांगितलं. अंजू म्हणाली, आजी, मी तिला विचारलं होतं. हाव, पण माहीत मला होतं.

१२ एप्रिल
सुना शहाण्या झाल्यात. अंजूने विचारलं की माझ्याकडे बघतात. मी मान हलवते, त्या हो म्हणतात, टॅबवर टिक. आधी एका घराला तास लागायचा, आता दहा मिनिटं. यालाच कॉलेजात एफिशियन्सी म्हणत असतील.

१९ एप्रिल
चाळीस घरं संपली. चाळीसही घरांत सुनांचंच चालतं. एक उत्तर इकडचं तिकडे नाही. गाव किती पुढारलेलं! आपलं घर शेवटी ठेवलंय. तिथे तर शिवकांताचं, म्हणजे माझ्या सुनेचं, अंजूच्या आईचं राज्य. मी कशात नसते.

२४ एप्रिल
अंजूच्या गाईडने, पंचशीला मॅडमने, चाळीसही फॉर्म रद्द केले. फॉर्मच्या तळाला म्हणे प्रश्न असतो: मुलाखतीच्या वेळी आणखी कोण हजर होतं? या खुळीने चाळीस वेळा खरं लिहिलं: आजी. मॅडम म्हणाल्या, हा चाळीस घरांचा सर्व्हे नाही, एकाच बाईची मुलाखत आहे, चाळीस वेळा घेतलेली.
वाईट वाटलं. मॅडमचं. शिकलेल्या बायकांना माणसाची पारख नसते.
अंजू जेवली नाही.

२६ एप्रिल
पुन्हा पहिल्यापासून. अंजूने हात जोडले, आजी, तू घरी बस, माझं वर्ष वाचू दे. बसले.

संध्याकाळी
फक्त दळण आणायला गेले होते. वाटेत सहा घरं लागली. एवढंच सांगितलं की उद्या अंजू येईल, खरं तेच बोला. खरं काय, तेही सांगितलं.

२७ एप्रिल
अंजूला कळलं. ती सहा घरं सोडून दुसरी सहा काढावी लागणार. रडली. सगळं बसम्माच्या तोंडामुळे.

५ मे
आठ दिवस उंबरा ओलांडला नाही. गुडघे दुखतात म्हणून. दुसरं काही नाही.

९ मे
आज आपलं घर. सख्ख्या आईला अंजूने विचारायचं नाही असा नियम, म्हणून तिची मैत्रीण तनुजा आली. मला महादेवाच्या देवळात धाडलं. बाकीच्या घरांना वीस मिनिटं लागली, शिवकांताला दोन तास. माझं कौतुकच तेवढं असणार. परत आले तर दोघींचे डोळे लाल. कांदा चिरला असेल. पण कांद्याची भाजी तर मी सांगितली नव्हती.

१५ मे
रिपोर्ट गेला. शेवटी वेळेत झालं ना? उगीच घाबरवतात माणसाला.

२८ मे
अंजू पास! एका घरावर तर मॅडम खूश, म्हणे असा डेटा मिळत नाही. अंजूकडून वाचून घेतलं: या घरातल्या सुनेने सव्वीस वर्षांत एकदाही, आज भाजी कोणती करायची, हे ठरवलेलं नाही.
माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणलं, कोण ग ही सासू? जीभ झडो तिची. अंजू म्हणाली, नावं गुप्त असतात आजी. मग नंबर तरी सांग, म्हणलं.
सांगितला.

संध्याकाळी
शिवकांताला म्हणलं, आज भाजी तू ठरव.
तिने भाजीची टोपली माझ्यापुढे आणून ठेवली. मग म्हणाली, "कोणती ठरवू, आत्याबाई?"