'शुभमंगल साव…' आणि जुना ड्रायव्हर

मंगळवार, १२ मे
कॉम्प्युटर आजही मेला. देगलूरच्या लग्नाचा व्हिडिओ, जागा तीच: अंतरपाट धरलेला, मांडवभर अक्षता उडतायत, भटजींचं "शुभमंगल साव" आणि स्क्रीन काळी. 'धान' काही येत नाही. भिंतीपलीकडून सुमनकाकू: "गौरे, सकाळधरनं साव, साव! लाव की एकदाचं त्या लेकराचं लग्न!"
रविवारी अधिक महिना लागतो. त्याच दिवशी देगलूरकरांकडे जावई धोंड्याच्या जेवणाला. सगळ्या भावकीला फिल्म दाखवायची आहे. नाही दिली तर माझं एडिटिंग संपलं. लोह्याच्या मामांनी पतसंस्थेत कारकुनी बघून ठेवलीय. बाबा म्हणाले, "हे काम येळेवर दे, मग मी नोकरीचं नाव काढणार न्हाई."

बुधवार, १३
सापडलं. परवा ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर आपोआप आला, तेव्हापासूनचं आहे हे. जेवताना मी बोलून गेले, "ड्रायव्हरच बेकार निघाला." बाबांचा घास हातातच. जन्मभर एसटी चालवलेला माणूस!
"गाडी बंद पडली, ड्रायव्हर! टायर फुटला, ड्रायव्हर! आधी गाडी बघ."
समजावलं, हा माणूस नाही, ग्राफिक्स कार्डाकडून काम करून घेणारा प्रोग्राम आहे.
"म्हंजे ड्रायव्हरच की."


गुरुवार, १४
सेफ मोडमध्ये जाऊन नवा पुसला, तोच परत टाकला. साव. मग मुळापासून काढला आणि मार्चमधला जुना टाकला. "सावधान!!" बँड, टाळ्या, सगळं. काकू: "झालं बाई!"
बाबांना सांगितलं, नव्याला काढलं, जुन्याला परत घेतलं. उठून बाहेर गेले, जिलबी घेऊन आले. चौकातल्या हॉटेलात सगळ्यांना सांगूनही आले म्हणे. खाता खाता एकदम म्हणाले, "आम्हाला न्हाई कुणी परत बोलावलं."
त्यांच्या ताटलीत आणखी एक जिलबी टाकली.

शुक्रवार, १५
साव. साव!! नवा ड्रायव्हर परत हजर. कॉम्प.ला यथेच्छ शिव्या घातल्या. शेवटी बाबा विभूती लावता लावता:
"सकाळी तिथं आलं होतं, ड्रायव्हर अपडेट करायचा का म्हणून. मी हो दाबलं."
"का पण?"
"मला वाटलं ट्रेनिंगला पाठवायलेत. आम्हालाबी पाठवायचे. ट्रेनिंगनं ड्रायव्हर सुधारतो."
मी फार चिडले. हात कशाला लावता म्हणाले. ते ओट्यावर जाऊन बसले, चहासुद्धा घेतला नाही. वाईट वाटतंय, पण रागही आहे.

शनिवार, १६
जुना परत बसवला. आपोआप अपडेट बंद केलं. आता बाबांना बंद करायचं राहिलं. (असं लिहायला नको.)
गाणी, रंग उरकले. बाबा दारापर्यंत येतात, आत बघतात, परत जातात. मीही हाक मारली नाही. का नाही मारली?

रविवार, १७ मे
अख्खी फिल्म एक्स्पोर्टला लावली, म्हणजे सलग एक फाइल बनायला. देगलूरहून फोन: "ताई, जावई आले, धोंडे तळायला घेतलेत, लिंक?" संध्याकाळी देते म्हटलं. कशाच्या जोरावर, देव जाणे.
"बाबा, या ना आत." आले, खुर्ची ओढून बसले. दोन्ही हात मांडीखाली. "मी काय दाबत न्हाई."
इतक्यात त्यांचा मोबाइल वाजला. लोह्याचे मामा. पोरीला उद्याच घेऊन या, साहेब भेटतायत. वाटलं बाबा उठून बाहेर जातील. तिथंच बसून बोलले, "न्हाई जमायचं. उद्याबी न्हाई अन् परवाबी न्हाई. पोरगी ड्यूटीवर हाय."
फिल्म अजून हातात नाही, तरी.
मी स्क्रीनकडेच बघत राहिले, डोळे पुसले नाहीत.
फाइल कुठवर झाली ते दाखवणारी पट्टी अक्षतांपाशी पोचलीय. एक्स्पोर्टला आवाज नसतो, म्हणून बाबाच हळू पुटपुटतायत, "शुभमंगल साव…"