ताईचा राहिलेला विषय

१० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मी वेळेवर जेवते, वेळेवर झोपते, आणि हो, औषधालयात काम करते म्हणून मनानेच गोळ्या खात नाही. आता माझं ऐक. आमच्या रुग्णालयाच्या शिवणघरातल्या मुख्य बाई पुढच्या वर्षी जूनअखेर निवृत्त होणार. चादरी, पडदे, डॉक्टरांचे झगे, सगळं त्यांच्या हाताखालून जातं. त्यांच्या जागी कोण येणार म्हणून मी कचेरीत विचारून आले. साहेब म्हणाले, एवढी वर्षं स्वतःचं दुकान चालवलेली बाई मिळाली तर सोनंच. फक्त शाळेच्या शेवटच्या परीक्षेत गणित हवं आणि वय चाळीसच्या आत.

तू पुढच्या वर्षी ऑगस्टात चाळिशी गाठणार. म्हणजे मार्चची एकच परीक्षा हाताशी आहे. बाकीचे विषय तुझे झालेलेच आहेत. एकटं गणित बाहेरून देता येतं, शाळेत जाऊन बसावं लागत नाही, मी चौकशी केली आहे. शिकवीन मी, पत्रातून. माझ्या खोलीत आणखी एका खाटेपुरती जागा आहे, मी पावलांनी मोजून पाहिली. आपल्याला एका घरात राहून अकरा वर्षं झाली. नाही म्हणू नकोस.

लोभ आहे तसाच राहू दे, रागावलीस तरी.

तुझी,
बारकी


२१ जून

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग दुकानाचं दार लोटून घेतलं आणि नुसती बसून राहिले. माझं गणित का राहिलं, ठाऊक आहे तुला? शाळेत गणिताचा तास शेवटचा असायचा. आई गेलेली, बाबा कामावर, तुला बालवाडीतून आणायला मीच. दोनदा उशीर झाला तर तू पायरीवर बसून अख्खी गल्ली डोक्यावर घेतलीस. मग मी गणित सोडून गृहविज्ञान घेतलं. तू तेव्हा चार वर्षांची आणि मी पंधराची, त्यात तुझा काय दोष? विचारलं नव्हतंस म्हणून सांगितलं नव्हतं.

काल फॉर्म आणायला गेले. खिडकीतला कारकून म्हणाला, मुलीचा असेल तर मुलीलाच पाठवा. मी म्हटलं, मुलगी मीच. त्याने चष्मा कपाळावर चढवून मला पाहून घेतलं आणि फॉर्म दिला. समोरच्या घड्याळजींना सांगितलं तर ते खूश. सराव करताना वेळ लावायला एक घड्याळ उसनं देणार आहेत. ते दिवसाला दहा मिनिटं मागे पडतं, म्हणजे मला सोयीचंच.

तेव्हा शिकव. पण मास्तरीण म्हणून डोक्यावर मिऱ्या वाटायला लागलीस तर कान धरायला येईन.

आठवण ठेव, आधी जेवणाची, मग माझी.

तुझी,
ताई


८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी वही तपासून परत पाठवते आहे. समीकरणं झकास. वजाबाकीत घाई करतेस, ती तुझी जुनी खोड आहे. पण क्षेत्रफळ आलं की तुझं अक्षरच बारीक होतं. अगं, ज्या बाईने उभ्या जन्मात कापड वाया घालवलं नाही, तिने क्षेत्रफळाला भ्यायचं? एक युक्ती सांगते. गणितात मैदान असो, भिंत असो, डबा असो, तू ते कापड समज. किती लागेल एवढंच स्वतःला विचार, उत्तर आपोआप येईल.

परवा रविवारी दुपारी पडल्या पडल्या मशीनचा आवाज कानावर आला. मी उठून दारापर्यंत गेले. खालच्या मजल्यावर कुणी पडदे शिवत होतं. परत येऊन पडले, पण झोप कसली लागते. लहानपणी तुझं मशीन थांबलं की मला जाग यायची, ते आठवत राहिले.

पुढच्या वहीची वाट पाहते. तुझी तर पाहतेच.

तुझी,
बारकी


१७ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

झाला एकदाचा पेपर. बाक एवढे बुटके की गुडघे हनुवटीला लागत होते. वर्गातल्या निम्म्या मुलींचे गणवेश मीच शिवलेले, त्यामुळे पाठमोऱ्यासुद्धा ओळखल्या. एकीची शिलाई खांद्याला उसवली होती, निम्मं लक्ष तिकडे. पुढच्या बाकावरचीने मागे वळून मला धीर दिला. मी तिची मापं घेताना तिला धीर द्यायचे.

तुझी युक्ती मात्र कामी आली. पाच गुणांचा तंबूचा प्रश्न होता. शंकूसारखा तंबू, तळाची त्रिज्या सात मीटर, तिरकी उंची दहा, कापड किती लागेल? सूत्र पाठ होतं, झटकन दोनशेवीस आलं. मग म्हटलं, थांब, एवढ्या कापडात कोण तंबू शिवतो? पट्ट्या जोडाव्या लागतील, खालची कड दुमडावी लागेल. दोनशेवीस खोडलं, सगळा हिशेब मांडून दोनशेएकतीस लिहिलं. बाहेर पोरींना विचारलं तर सगळ्यांचं दोनशेवीस. शिलाई कुणी धरलीच नव्हती. मला त्यांची कीव आली.

बाकी पेपर काठावरचा आहे, पण तंबूचे पाच तर कुठे गेले नाहीत. बारके, मला आता खरंच वाटायला लागलंय की मी येईन. काल दुकानात माप घेता घेता तुझ्या खोलीचं दार कुठल्या बाजूला उघडत असेल याचा विचार करत होते. गिऱ्हाईक उभं राहून कंटाळलं.

आपुलकी असू दे, आणि आता वीतभर जागाही असू दे.

तुझी,
ताई


२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, काम फार होतं. तंबूचं वाचलं. पेपर झाला ना, आता त्यातलं काही उगाळत बसू नकोस. इकडे सगळं ठीक आहे. दार आतल्या बाजूला उघडतं, डावीकडे. खाट घेतली आहे, खिडकीखाली मांडली.

तू तब्येत सांभाळ. बाकी काय लिहू?

तुझी,
बारकी


४ जून

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

निकाल लागला. बत्तीस. पस्तीस लागतात.

घड्याळजींनी प्रश्नपत्रिका मागवून घेतली आणि कागदावर तंबू काढून मला समजावलं, फार हळुवारपणे. पुस्तकातल्या तंबूला शिलाई नसते म्हणाले. दोनशेवीस खोडलं नसतं तर पास होते. तुला हे मार्चमध्येच कळलं होतं ना? तुझं एप्रिलचं पत्र आज पुन्हा वाचलं. एवढं कोरडं पत्र तू कधी लिहिलं नव्हतंस.

तुझी काही चूक नाही. पण ऑगस्ट आता दोन महिन्यांवर आला, दुसरी परीक्षा त्यात बसत नाही. साहेबांना सांग, ती जागा भरून टाका. खाट परत घेत असतील तर देऊन टाक. नोकरी असती तर ताठ मानेने आले असते. रिकाम्या हाताने धाकट्या बहिणीच्या दारात कोणत्या तोंडाने येऊ?

तुझी,
ताई


११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हो, मार्चमध्येच कळलं होतं. तुझं पत्र हातात घेऊन औषधांच्या कपाटामागे जाऊन रडले. कापड समज हे मीच सांगितलं होतं. तुला ते कळवायचा धीर झाला नाही, म्हणून कोरडं लिहिलं.

आता खरं ते लिहिते, ते वर्षापूर्वीच लिहायला हवं होतं. शिवणघराला कुणीही चाललं असतं. जागा निघाली हे कळलं तेव्हा मला शिवणघराची काळजी वाटली नाही. मला तुला बोलवायला निमित्त मिळालं. नुसतं ये म्हटलं असतं तर तू दुकानाचं, गिऱ्हाइकांचं कारण काढलं असतंस, आणि नाही ऐकायची मला भीती वाटत होती. कामावरून येऊन कुलूप काढते तेव्हा आत कुणी नसतं. मला नोकरीवाली ताई नको आहे. मला तू हवी आहेस.

खाट मी परत देणार नाही.

तुझी,
बारकी


१९ जून

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राचं उत्तर चार दिवस लिहीत होते आणि फाडत होते. मीही खरं सांगते. अकरा वर्षं तू ये म्हणशील म्हणून वाट पाहिली, आणि तू मोठी झालीस, तुला माझी अडचण होईल, असं स्वतःला समजावत राहिले. दोघी शहाण्या, अकरा वर्षं वाया घालवली.

दुकान महिनाअखेरीला सोडते. हाती घेतलेले गणवेश तेवढे पुरे करून देते. मशीन मालाच्या गाडीने पुढे पाठवते, उतरवून घे. रुग्णालयाला मी नको असेन, पण उसवलेलं तुझ्याही गल्लीत असेलच.

गणित मात्र सोडणार नाही. ते आता मला माझ्यासाठी हवं आहे, आणि तीन गुणांसाठी मी हार मानायची नाही. काल पुन्हा त्या खिडकीवर गेले. कारकुनाने काही न विचारता फॉर्म पुढे केला. तिथेच उभी राहून भरला. पत्त्याच्या रकान्याशी थोडी थांबले. मग तुझा पत्ता लिहिला.

तुझी,
ताई