पुढची उंची अडतीस सेंटीमीटर

३ मार्च, सोमवार. सकाळी ७
आजपासून रोज नोंद ठेवायची. टाळाटाळ नाही.
रविवारी सकाळी आठला लेकीला तिच्या नव्या नोकरीच्या गावी सोडायला निघायचं, तेही आपल्या व्हॅनने. सहा तासांचा रस्ता. ती पहिलीत असताना कबूल केलं होतं की मोठी झालीस की तुला या गाडीतून लांब नेईन. गाडी माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आणि बरीच धडधाकट.
एक किरकोळ काम उरलंय. हलकं इंजिन आणि रुंद टायर बसवल्यापासून गाडी नाक वर करून उभी राहते. त्यासाठी पुढच्या आसाला दोन बोल्ट मागेच बसवून घेतलेत. बोल्ट फिरवला की नाक वरखाली होतं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत बरोबर ३८ सेंटीमीटर हवेत. एका संध्याकाळचं काम. तेवीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक आहे, लोकांचे तराजू तपासतो. मला टेप धरायला कुणी शिकवू नये.

संध्याकाळी ६
डावी ४१.२. उजवी ४०.८. बोल्ट गंजलाय. तेल सोडलं. बायकोने विचारलं, गाडी सुरू तरी होते का. विषयाला फाटे फोडायची तिची जुनी सवय.

४ मार्च, मंगळवार
बोल्ट सुटला! दोन्ही बाजूंना दोन फेरे. जॅकवरून उतरवली, मापली. ४१. परत जॅक, परत दोन फेरे. ४०.५. ढिम्म.
कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मेस्त्री भिंतीवरून डोकावत होता. न विचारता म्हणाला की साहेब, जॅकवरून उतरवली की आधी चार पावलं पुढेमागे ढकला, चाकं बसू द्या, नाहीतर नाक खोटंच वर राहतं, मग टेप लावा. माणूस चांगला आहे, पण ऐकीव गोष्टींवर विश्वास फार. वस्तू आहे तिथे, आहे तशी मापायची, हा आमच्या खात्याचा पहिला धडा. मी हसून आभार मानले.
लेक चहा घेऊन आली. तिने सगळं ऐकलं होतं. ढकलू का बाबा म्हणाली, रविवारपर्यंत मी आहेच. तिला म्हटलं, तू तुझ्या बॅगा भर.

५ मार्च, बुधवार
मोजणी नाही. कंबर धरली.
याचा गाडीशी संबंध नाही. ऑफिसची खुर्ची वाईट आहे.

६ मार्च, गुरुवार. सकाळी ६.३०
पहाटे लख्ख प्रकाश पडला: भार! रिकामी गाडी मापतोय, आणि जाणार तिघं. सीटवर माणसांच्या वजनाइतके पाण्याचे कॅन ठेवायचे. बायकोचं वजन विचारलं, तिने सांगितलं. लेकीनेही सांगितलं. माझं ६८ धरलं. बायको म्हणाली, ते लग्नातलं. तिच्या अंगात शास्त्रीय शिस्त नाही.
संध्याकाळी ३९.१. सुधारणा आहे. दोन दिवस राहिलेत. घाबरायचं कारण नाही.

७ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ५.४०
डावी ३८.०. उजवी ३८.०. भार: तीन माणसं, दोन बॅगा.
तीनदा मापलं. मेस्त्रीच्या नाकावर टिच्चून जमवलं. तो आज डोकावला नाही, नेमका.
लेक म्हणाली, बाबा, कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारून येऊ या. स्पष्ट नाही म्हटलं. इतक्या कष्टाने आणलेलं माप हलवून बिघडवायचं? चारही चाकांना विटा लावल्या. बायकोने विचारलं, गाडी जाण्यासाठी आहे की उभी राहण्यासाठी. मी आणखी एक वीट आणली.

८ मार्च, शनिवार
सकाळी ३८. दुपारी ३८. चारला ३८. पाच वाजता ३७.९, पण तेव्हा टेप तिरका होता.
लेक गाडीजवळ बराच वेळ उभी होती, लहानपणी जिथे झोपायची त्या मागच्या सीटवरून हात फिरवत होती. मी म्हटलं, टेकू नकोस. मग सहज बोलता बोलता म्हणाली की कोपऱ्यावरून आठ चाळीसला थेट बस आहे. सामान्यज्ञान चांगलं आहे तिचं.

९ मार्च, रविवार. सकाळी ७.५५
सगळे बसले. बॅगा चढल्या. ३८. निघतोय.

त्याच दिवशी, सकाळी ११
पहिल्या किल्लीत सुरू झाली, हे आधी लिहून ठेवतो.
फाटकापर्यंत दहा फूट गेलो. तेवढ्यात नाक हळूहळू खाली बसत गेलं. स्टिअरिंग वळवलं तर टायर मडगार्डमध्ये घुसला. घर्रर्र. रबर जळल्याचा वास. उतरून मापलं. ३५.१. दुसरा टेप आणला. ३५.१.
मेस्त्री आला. खाली वाकून टायर पाहिला. मग म्हणाला, दीड तास लागेल. लेकीला तीनपर्यंत खोलीची किल्ली घ्यायची होती. तिने पर्समधून तिकीट काढलं. खिडकीची सीट. काढल्याची तारीख २८ फेब्रुवारी. मी बोल्टला हात लावायच्या तीन दिवस आधीची.
बॅगा हातात घेऊन कोपऱ्यावर गेलो. ती म्हणाली, बाबा, गाडी छान दिसतेय. बस येईपर्यंत मी तिला टेप कसा चुकू शकतो ते समजावत होतो. बस आली, ती चढली. काहीतरी वेगळं बोलायचं होतं.

१६ मार्च, रविवार
केवळ प्रयोग म्हणून मेस्त्रीची पद्धत. जॅक काढला की मी स्टिअरिंगवर, बायको मागून ढकलणार. चार पावलं पुढे, चार मागे. बोल्ट फिरवून नाक थोडं वर घेतलं, परत ढकललं. पाच वेळा. बायको एकदाही कुरकुरली नाही, त्याने जास्तच अवघड वाटलं. ढकलायला दोन माणसं पुरतात. मागच्या आठवड्यात घरात तीन होती.
शेवटी आम्ही दोघं पुढे बसलो आणि मेस्त्रीने टेप लावला. फाटकाबाहेर कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो, परत लावला. तेच माप. बायको समोर बघत म्हणाली, झालं ना? आता न्यायचं कुणाला?
मला रडू आलं. डोळ्यात गंज गेला असं तिला सांगितलं.
डावी ३८.०. उजवी ३८.०. भार: दोन माणसं.