बिट्टीच्या डोळ्यांतला दोष

४ फेब्रुवारी
आज मी गप्प बसले. जेवताना दादाच्या बिट्टीने पुन्हा पेला पाडला — उजेड कमी, तिला दिसलाच नाही. आई म्हणाली, "आमच्याकडे कुणाचे डोळे असे नव्हते. हे सुनेच्या माहेरकडूनच आलंय." वहिनी फरशी पुसत राहिली. दादाने मान खाली घातली. आणि मी, जिचं सगळं संशोधन डोळ्यांच्या याच आजारावर, मी मीठ मागितलं. मीठ!

५ फेब्रुवारी
प्रयोगशाळेत पेशींचे फोटो सुंदर आले. पेशीवर केसासारखा एक तंतू उगवतो — सिलिया. तो उगवण्याआधी पेशीच्या आतलं पातळ पटल वाकून त्याच्या बुडाशी टोपीसारखं बसावं लागतं. पटलाला तो बाक देतं आम्ही अभ्यासतो ते प्रथिन. आम्ही प्रथिन काढून टाकलं, तर पटल वाकेना आणि तंतू उगवेना. प्रकाश टिपणाऱ्या पेशींनाही हाच तंतू लागतो. बिट्टीचं प्रथिन अर्धवटच काम करतं.

सर म्हणाले, "झकास! हा फोटो आपल्या शोधनिबंधाच्या पहिल्या पानावर."

मला मात्र वहिनीचा चेहरा दिसत होता. या प्रथिनाच्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. एक चांगली असली तरी भागतं. दोन्ही बिघडल्या तरच आजार. म्हणजे दोष दोन्हीकडचा. घरात हे फक्त मला कळतं, आणि मी तोंड उघडत नाही. कसली शास्त्रज्ञ!

९ फेब्रुवारी
आईजवळ जाऊन बसले. "काय गं?" म्हणाली. म्हटलं, काही नाही.

१० फेब्रुवारी
आजही नाही. लाज वाटते.

१६ फेब्रुवारी
वेणी घालताना बिट्टीने विचारलं, "आत्या, माझे डोळे आईने खराब केले का गं?"

कंगवा तिथेच टाकला. सगळ्यांसमोर बोलले — "आई, अर्धा दोष आपला आहे. दादाकडून आलाय. म्हणजे तुझ्याकडून नाहीतर बाबांकडून. माझ्यातही असेल."

आई पांढरीफटक. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

तिने तोंड फिरवलं. मला वाटलं, सुटले.

१७ फेब्रुवारी
वहिनी म्हणाली, "डॉक्टरांनी आम्हा दोघांना तेव्हाच समजावलं होतं. आईंना सांगायचं नाही, म्हणून ह्यांनी मला शपथ घातली. निदान तुम्ही तरी बोलाल, म्हणून थांबले होते."

तिची आणि बिट्टीची माहेरी जायची बॅग भरून झाली होती. बिट्टीला बूट मी घातले.