यंदा दोराच्या आत

गोन्टन,
एप्रिलचा शेवटचा आठवडा

प्रिय टोनी,

‘प्रिय’ लिहिताना पेन अडखळलं, पण पत्राची सुरुवात शिवीने करू नये असं बाबांनी शिकवलंय. काल तुझी बायको रोझालिया निरोप घेऊन आली, सोबत बदामाचं सारण भरलेला मधाचा केक. निरोप काय, तर रविवारी अपेन्झेलच्या चौकातल्या सभेत यंदा बायकांनाही पहिल्यांदाच मत आहे, म्हणून तुम्ही दोघं जोडीने जाणार, आणि मी घरी आईपाशी बसायचं. वा रे वा! केकचा एक तुकडा मी खाल्ला, कारण रोझालियाच्या हाताला चव आहे आणि तिचा काही दोष नाही. बाकीचा डुकरांना घातला.

गेल्या वर्षीचं विसरलास वाटतं. माझ्या स्वयंपाकघरात चीज घातलेली मॅकरोनी ओरपत, आईसमोर म्हणाला होतास, “इड्डे, या खेपेला माझा हात तुमच्या बाजूने वर जाणार, बघच तू!” बघितलं की. मतदारांभोवती चौकात बांधतात त्या दोराच्या बाहेर, बेकरीच्या पायरीवर टाचा उंचावून उभी होते मी. बायकांना मत हवं म्हणणाऱ्यांनी हात वर करा, असं पुकारलं तेव्हा तू खाली मान घालून बूट न्याहाळत होतास. नको म्हणणाऱ्यांना पुकारलं मात्र, आणि तुझा हात ताडकन वर! कमरेला बाबांची तलवार, मत द्यायचा हक्क आहे हे दाखवायला. आपल्याकडे मत पेटीत लपत नाही रे, टोनी. सख्ख्या बहिणीला ते पायरीवरून दिसतं. वर संध्याकाळी गुत्त्यात हसत सांगत होतास म्हणे, “बायका सभेला गेल्या तर म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं कोण बघणार?” मोठ्या कोर्टाने तुम्हा सगळ्यांचे कान उपटले म्हणून यंदा दोर वर उचलला गेला. तुमचं मन उघडलं म्हणून नव्हे. आणि आता तू मला सांगणार, आत कोणी जायचं ते?

बाबा गेल्यावर तलवार तुझ्याकडे आली आणि आई माझ्याकडे. तू रविवारी प्रार्थना आटोपून येतोस, पाइप ठोकतोस, “आई जरा वाळलीय गं,” म्हणतोस आणि वासरांचं निमित्त काढून पळतोस. तिला उचलताना माझी पाठ मोडते, हे तुला कधी विचारावंसं वाटलं नाही. मला याचा राग येतो, फार राग येतो. तुझा निरोप ऐकून आई काय म्हणाली ते ऐक: “त्या शहाण्याला सांग, मला राखण नको, गाडी हवी.” तर शेजारचा फ्रोविन आपली दुधाची गाडी धुऊन देतोय. आई खुर्चीसकट चौकात येतेय. तीही मतदार आहे, हे तुझ्या ध्यानातच आलं नव्हतं ना?

पण एवढंच सांगायला मी शाई वाया घालवली नसती. गोरगरीब आणि म्हाताऱ्यांचं खातं सांभाळणारे गृहस्थ यंदा पायउतार होताहेत आणि त्या जागेवर जायला कुणीच धजत नाही. कायदा तुला मी काय शिकवणार: चौकातून नाव पुकारलं आणि हात वर गेले, की त्या माणसाला नाही म्हणायची सोय नाही. म्हणूनच नावं पुकारायची वेळ झाली की तू दरवर्षी कारंज्यामागे सटकतोस. यंदा खुशाल सटक. “गोन्टनचा सेपटोनी!” अशी तुझ्या पुऱ्या नावाने पहिली हाक मी मारणार आहे, आणि माझा आवाज पलीकडच्या डोंगरावरच्या गाई ओळखतात. खोऱ्यातल्या बायकांशी बोलून झालंय. रोझालियाशीही, काल, केक खाता खाता. तिचा हात वर असेल. शपथ घेतलीस की तुला घरोघर जाऊन म्हाताऱ्यांची विचारपूस करायची आहे. पहिलं घर आपल्या आईचं धर. सकाळी लवकर ये, तिला अंथरुणातून उठवायचं असतं. धुतलेल्या चादरी जिन्याखालच्या कपाटात आहेत.

चौकात तुझ्या शेजारीच उभी राहणारी,
तुझीच थोरली बहीण,
इड्डा