दातांत वाजणारं गाणं

प्रिय दादा,

पत्र वाचायचा तुला कंटाळा, तरी हे शेवटपर्यंत वाच. वर्कशॉप नीट चाललंय. दातांचे डॉक्टर कवळ्यांची कामं अजून माझ्याकडेच पाठवतात, आणि बाबांची जुनी गिऱ्हाइकं हटकून सांगतात की पोरीने बसवलेले दात बापाच्या दातांपेक्षा कमी टोचतात. ऐकून आईला आधी बरं वाटतं, मग ती बाबांचा फोटो पुसायला घेते.

बाबांनी आपल्याला रॉक ऐकायला कसं शिकवलं, आठवतं? रेकॉर्ड लावायची, लाकडी पट्टीचं एक टोक स्पीकरच्या खोक्याला टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि कानांत बोटं घालायची. "शब्द नाही कळले तरी चालेल, आधी हाडांना कळू दे," म्हणायचे. माझे पुढचे दात पडले होते, म्हणून मी पट्टी दाढेत धरली. तेव्हापासून तू मला बोळकी म्हणतोस. पण बेस गिटारची ती पहिली घरघर डोक्यात शिरली आणि मी जी नादावले ती नादावलेच. आई कपाळाला हात लावायची, लोकांच्या मुली नाच शिकतात आणि आमची फळकूट चावत बसते. वर्कशॉपच्या फळीवरच्या कवळ्याही तालात कडकडायच्या. एखादी वेगळी वाजली की बाबा ती उचलून पुन्हा घासायला घ्यायचे.

बाबा गेल्यावर वाटणी सोपी होती. वर्कशॉप मला, रेकॉर्ड आणि प्लेअर तुला. वाईट वाटलं नाही असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू, वाटलं. इथे फक्त घासायच्या मोटारीचा आवाज उरला.

मग एका दुपारी कवळ्या वाजू लागल्या. मोटार बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि फळीवर दातांवर दात आपटतायत. आधी वाटलं भूकंप आहे. पण त्यात ताल होता, आणि तो मला पाठ होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, बाबांची मेल्यावरही गेलेली दिसत नाही, असं मनात येऊन मी हसायला गेले. पण हसण्याऐवजी आईला हाक मारली. तिने फळीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटून उभी राहिली. जोरकस गाणी संपली, रेकॉर्डच्या त्या बाजूचं शेवटचं संथ गाणं सुरू झालं, तेव्हा ती म्हणाली, "हे तुझे बाबा नाहीत. हे रडगाणं आलं की ते सुई उचलायचे. हे आपला दादा ऐकतोय."

तुला आवडायचं ना ते एकट्याला? त्यानंतर आई रोज दुपारी भाजी निवडायला फळीपाशीच बसू लागली. तुझं पत्र आल्यासारखा तिचा चेहरा व्हायचा. हळूहळू बाकीची गाणी बंद झाली. फक्त ते संथ गाणं, मग त्यातलीही एकच जागा, पुन्हा पुन्हा. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. वहिनीला फोन केला. ती म्हणाली, घरात गाणं कसलं, तू आतून कडी लावून बसलायस, खोलीतून जराही आवाज नाही, दाराबाहेर ठेवलेलं ताट तसंच परत येतं.

बाबांच्या शेवटच्या वेळी तू पोहोचला नाहीस, ते तू जिवाला लावून घेतलंस. म्हणून सांगते. त्या सकाळी त्यांची कवळी काढली होती, बोलणं कळत नव्हतं. मी म्हटलं, दादा निघालाय. तर ते बोळक्या तोंडाने हसले. रागावलेला बाप तसं हसत नाही रे.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तुझ्या दाराबाहेर जिन्यात बसून लिहितेय. हाका मारून घसा बसला, आई खाली वहिनीला धरून बसलीय, दार तोडायला सुतार वाटेत आहे. दाराला कान लावला तर काही ऐकू येत नाही. तू हेडफोन लावले असशील. बाबांची कवळी मी रुमालात बांधून आणलीय, ती मांडीवर वाजतेय. लिहायला बसले तेव्हा ठोका बरा होता. आता तो फार लांब लांब पडतोय. कुठलीच रेकॉर्ड इतकी हळू फिरत नाही, दादा, हा ठोका तुझ्या छातीतला आहे. मी हा कागद आत सरकवतेय. सुताराची वाट बघू नकोस, कडी काढ.

तुझीच,
बोळकी