नंदाचं केळवण

४ मे
नंदाचे अठरा भरले. सकाळी केक कापला आणि तासाभरात ऑफिसातून बोलावणं. बालगृहाच्या अधीक्षक मॅडम (यापुढं अ. मॅ., एवढं कोण लिहीत बसणार) म्हणाल्या, "पाचोडचं स्थळ आलंय. किराणा दुकान आहे. लग्नाचा हॉल देणगीदार देतायत." नंदानं सांगितलं, इलेक्ट्रिशियनचं आयटीआय झालंय, शेंद्र्याला कंपनीत नोकरी लागलीय, एक जूनला हजर व्हायचंय.
"नोकरी काय, लग्नानंतरही करता येते."
"मला नाय करायचं लग्न, मॅडम."
अ. मॅ. नी माझ्याकडं पाहिलं, जणू मीच पढवलंय. पढवलं नाही. पढवायला हवं होतं.

७ मे
ऑफिसात फोटोंची भिंत आहे. आमच्या बालगृहातून लग्न होऊन गेलेली प्रत्येक मुलगी तिथं आहे, हळदीची, हारातली, शेजारी कन्यादान करणारे देणगीदार. शबाना नाही. ती दोन वर्षांपूर्वी शेंद्र्यालाच नोकरीला गेली. रजिस्टरवर सही, पत्र्याची पेटी, रिक्षा. बस्स. अकरा वर्षं इथं मुली सांभाळतेय मी, पण तिला सोडायला गेटपर्यंत गेले नाही. पाण्याचा टँकर आला होता म्हणे! लाज वाटते.
आज तिला फोन लावला. आधी माफी मागितली, मग विचारलं, नंदाला तुझ्या खोलीत घेशील का.
"मौसी, ये भी पूछने की बात है?"

१० मे
पाहुणे आले. नंदा आयटीआयच्या गणवेशातच समोर बसली. मुलाला विचारते, "दुकानाला अर्थिंग केलंय का?" तो मामाकडं बघायला लागला. मामा म्हणाला, "लई बोलती पोरगी. बिनआईबापाची हाय, जरा मान खाली पाहिजे."
माझं टाळकं सटकलं. म्हटलं, "का म्हणून? चोरी केलीय का तिनं?"
चहा तसाच राहिला. ते गेल्यावर अ. मॅ. म्हणाल्या, मावशी, तुम्ही संस्थेचं नाव घालवलंत. घालवलं तर घालवलं.

११ मे
अ. मॅ. वाईट नाहीत, हेही लिहून ठेवते. एकटी बाहेर पडलेली एक मुलगी पार बरबाद झाली, ते त्यांनी पाहिलंय. लग्न लागलं की घोर मिटला, असं त्यांना वाटतं. पण त्यांचा घोर मिटावा म्हणून नंदानं त्या मामाच्या घरात...

२० मे
लग्न ठरलेल्या मुलीची इथं चार-चार केळवणं होतात. आज अ. मॅ. ना विचारलं, नंदाचं करू का?
"लग्न कुठंय मावशी? केळवण कशाचं?"
"पोरगी घर सोडून चाललीय ना?"
परवानगी नाही. बरं. नसू दे.

२४ मे, रविवार
अ. मॅ. सुट्टीवर. केलंच. पुरण मी घातलं, आमरस मुलींनी काढला. वर बेचाळीस डिग्री, स्वयंपाकघराची भट्टी, पण एकजणही बाहेर जायला तयार नाही. शबाना शहागंजातून नान-खलियाचा, म्हणजे रोटी-मटणाचा, डबा घेऊन आली, "खाली हाथ कैसे आती?" साडीऐवजी नंदाला टेस्टर आणि पक्कड दिली. मुली मागंच लागल्या, उखाणा घे, उखाणा घे. कुणाचं नाव घेणार बिचारी? तर ही उठली, पदर नसताना ओढणीच डोक्यावर घेतली आणि ठणकावून,
"शेंद्र्याच्या खोलीला लावीन कुलूप मोठं,
नंदाचं नाव घेते, लाजायचं कशाला खोटं!"
ताटं वाजवली पोरींनी. मी हसता हसता रडले. आनंदानंच.

३१ मे
गेली. सगळ्या गेटवर. मीही.

२ जून
मेमो हातात. विनापरवानगी कार्यक्रम, बाहेरचं अन्न, आलेलं स्थळ मोडण्यास चिथावणी. शेवटी, "सदर मुलीचे केळवण आपण कोणत्या नात्याने केले, याचा लेखी खुलासा करावा. अन्यथा सेवा समाप्त करण्यात येईल."
तीनदा लिहिलं. "काळजीवाहक या नात्याने." खोडलं. पगारासाठी पुरण घालत नाही कुणी. "आई या नात्याने." तेही खोडलं. तिची आई कुठंतरी असेल, तिची जागा मी कशाला बळकावू? मग लिहिलं, "पोरगी स्वतःच्या पायावर उभी राहिली, मला आनंद झाला, मी जेवू घातलं. पुन्हा घालीन." खाली सही ठोकली.
वाचत होते तेवढ्यात सविता मागं येऊन उभी. ऑगस्टमध्ये तिचे अठरा भरतात. तिच्यासाठीही स्थळ बघणं चालू आहे.
"मावशी, तवा तुमी असाल ना इथं?"
हो म्हणून बसलेय.
कागद उद्या अकरा वाजता द्यायचाय.